मूठ आणि शिंतोडे

‘इम्प्यून’ या इंग्रजी क्रियापदाला मराठीत ‘शंका घेणे’ असा प्रतिशब्द देऊन मोकळे होणे ही केवळ कोशातली ढिलाई नाही, ती आपल्या वैचारिक व्यवहारातली एक सोयीस्कर लबाडी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मत थोडे तिखट आहे हे मान्य. परंतु ‘अमुक लेखकाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेतली जाते’ हे वाक्य गेल्या काही दशकांतील मराठी समीक्षेत, चर्चासत्रांच्या निबंधांत आणि शोधप्रबंधांत ज्या सहजतेने वावरते, ते पाहिले म्हणजे सौम्य शब्द सुचत नाहीत. शंका कोण घेते? कुठे घेते? कशाच्या आधारावर? कर्मणी प्रयोगाच्या आडोशाला ही सारी माणसे लपून बसलेली असतात. आणि विद्यार्थ्यांना आपण शिकवतो की हे ‘वस्तुनिष्ठ लेखन’ होय.

मूळ शब्दाकडे वळू. या क्रियापदातला ‘ग’ लिहायचा असतो, उच्चारायचा नसतो. आपले विद्यार्थी ‘इम्पग्न’ असे वाचतात तेव्हा आपण त्यांना हसतो. पण एका अर्थी त्यांचेच वाचन मुळाच्या अधिक जवळ आहे, कारण गिळलेल्या त्या ‘ग’मध्येच शब्दाचा जीव आहे. लॅटिनमध्ये ‘पुग्नुस’ म्हणजे मूठ. ‘पुग्ना’ म्हणजे लढाई, ‘पुग्नारे’ म्हणजे लढणे, आणि ‘इम्पुग्नारे’ म्हणजे एखाद्यावर चालून जाणे. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला तो चौदाव्या शतकात. मुष्टियोद्ध्याला इंग्रजीत जो ‘प्युजिलिस्ट’ म्हणतात तो याच कुळातला, भांडखोर या अर्थाचा ‘पग्नेशस’ही याच घरचा. किळस या अर्थाने आपण जो ‘रिपग्नन्ट’ वापरतो, त्यातही मुळात एका वस्तूने दुसरीला विरोध करणेच आहे.

व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे ठाऊक आहे. ‘गोष्ट’ या शब्दात ‘गोठा’ दडलेला आहे म्हणून कोणी कथाकाराला गुराखी समजत नाही. तेव्हा ‘इम्प्यून’मध्ये मूठ आहे एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही, जोपर्यंत त्या शब्दाच्या वापरात ती मूठ अजून वळलेली दिसत नाही. ती दिसते. लँगलंडच्या ‘पिअर्स प्लाऊमन’ या काव्यात हे क्रियापद येते ते एका क्षमापत्राच्या संदर्भात. नांगऱ्या पिअर्सला मिळालेले क्षमापत्र पाहून एक पाद्री ते खोडून काढतो, उघडपणे, पिअर्सच्या समोर. हल्ला आहे तो दस्तऐवजावर. शब्दाचा हा जुना संस्कार आजही जिवंत आहे, आणि तो पाहायला ऑक्सफर्डला जावे लागत नाही. वर्ध्याच्या जिल्हा न्यायालयात जावे. तिथला कोणताही वकील दिवसातून दहा वेळा ‘इम्प्यून्ड ऑर्डर’ हे शब्द उच्चारतो. मराठीत त्याला ‘आक्षेपित आदेश’ म्हणतात. ज्या आदेशाविरुद्ध अपील झाले आहे तो आदेश, एवढाच त्याचा अर्थ. तो देणाऱ्या न्यायाधीशाच्या चारित्र्यावर त्यात तसूभरही ओरखडा नसतो. अपील करणारा स्वतःचे नाव लिहितो, प्रतिवादीचे नाव लिहितो, कोणता आदेश, कोणत्या तारखेचा, कोणत्या कारणाने चुकीचा, हे सांगतो, आणि हरला तर खर्च सोसतो. मूठ म्हणजे हेच: मारणाऱ्याचा हात दिसतो.

आता याच्या शेजारचे दुसरे क्रियापद घ्या. ‘अ‍ॅस्पर्स’, किंवा अधिक परिचित रूपात, ‘अ‍ॅस्पर्शन’ टाकणे. याचे मूळ लॅटिन ‘स्पार्गेरे’, म्हणजे शिंपडणे, विखुरणे. चर्चमध्ये पाद्री जे पवित्र पाणी शिंपडतो त्या विधीचेही नाव हेच. वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती वाचकाला हे वेगळे सांगायला नको. जो शब्द पावन करण्यासाठी होता तोच बदनाम करण्यासाठी कसा वापरात आला, हा भाषेचा गमतीचा प्रवास आहे. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे असे की मराठीने हीच प्रतिमा स्वतःच्या घरात घडवली आहे: शिंतोडे उडवणे. अंगणात पाणी पडले की सडा, आणि अंगावर पडले की शिंतोडे. शिंतोड्याचा गुण असा की तो नेमका कोणाच्या पायाखालून उडाला हे कधीच कळत नाही. सगळेच चालत होते, रस्ता ओला होता. डाग मात्र धोतरावर राहतो.

आणि तिसरे क्रियापद, ‘इम्प्यूट’. ते दिसते ‘इम्प्यून’सारखे, म्हणून परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत दोघांची सर्रास अदलाबदल होते, पण याचे मूळ हिशेबाच्या वहीत आहे, एखादी रक्कम कोणाच्या तरी नावे टाकणे. मराठीत आपण ‘हेत्वारोप’ हा नेमका शब्द घडवला आणि विधिमंडळात तो रुळवलाही. तेवढ्या एका बाबतीत आपली परिभाषा चोख आहे. बाकी दोन क्रियापदांची मात्र आपण ‘शंका’ या एकाच पोत्यात भरणी केली.

हा फरक पुस्तकी आहे, व्यवहारात दोन्हींचा परिणाम एकच, माणूस बदनाम होतो तो होतोच, असे म्हणणारे प्राध्यापक मित्र आहेत. त्यांना वर्ध्याच्याच दोन बैठकींकडे नेतो. दोन्हींमध्ये अंतर जेमतेम सात महिन्यांचे.

पहिली जुलै १९३८ मधली. मध्य प्रांत व वऱ्हाडचे मुख्यमंत्री (तेव्हाच्या भाषेत पंतप्रधान) डॉ. नारायण भास्कर खरे यांचे आपल्या मंत्रिमंडळातील महाकोशलच्या सहकाऱ्यांशी बिनसले होते. २० जुलैला खऱ्यांनी राजीनामा दिला. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि मेहता यांनी पक्षश्रेष्ठींना विचारल्याशिवाय राजीनामे देण्याचे नाकारले. गव्हर्नरने रातोरात त्यांना बडतर्फ केले आणि खऱ्यांचे नवे मंत्रिमंडळ उभे राहिले. ते दोन-तीन दिवसच टिकले. काँग्रेसच्या श्रेष्ठींनी वर्ध्यात खऱ्यांना बोलावले, राजीनामा द्यायला लावला, आणि कार्यकारिणीने ठराव केला. त्याचा आशय असा की डॉ. खरे यांच्या हातून निर्णयाच्या गंभीर चुका झाल्या, शिस्तभंग झाला आणि काँग्रेसमध्ये जबाबदारीची पदे भूषविण्यास ते अपात्र ठरले आहेत. हा ठराव न्याय्य होता का? नागपुराकडच्या मराठी माणसाला तो तेव्हा बोचला होता, आणि गव्हर्नरशी संगनमत केल्याच्या आरोपात किती तथ्य होते यावर आजही वाद घालता येईल. गांधीजींनी सुधारून दिलेल्या निवेदनावर सही करण्यास खऱ्यांनी नकार दिला, यात त्यांचा ताठपणाही दिसतो आणि त्यांच्यावरचे दडपणही. पण भाषेच्या दृष्टीने पाहा. ठराव लेखी आहे. त्यात आरोपीचे नाव आहे, कृत्य आहे, निष्कर्ष आहे. आरोप करणाऱ्या संस्थेचेही नाव आहे. ही मूठ आहे, आणि ती चांगली जोरात बसली. म्हणूनच खऱ्यांना तिला उत्तर देता आले. त्यांनी ‘माय डिफेन्स’ या नावाने आपली बाजू छापून देशापुढे ठेवली. बचाव करायला आधी आरोप हातात यावा लागतो. तो आला होता.

या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. हे लक्षात ठेवावे.

दुसरी बैठक २२ फेब्रुवारी १९३९ ची. तिच्यामागची घटना अशी की जानेवारी १९३९ मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या प्रचारात बोसांनी एक पत्रक काढले, आणि त्यात संघराज्याच्या योजनेबाबत काँग्रेसमधील उजवा गट ब्रिटिश सरकारशी येत्या वर्षात तडजोड करील असा सार्वत्रिक समज असल्याचे म्हटले. ‘सार्वत्रिक समज’. बोसांसारख्या धाडसी माणसाने, ज्याला कोणाच्या तोंडावर काहीही बोलण्याची भीती नव्हती, त्याने हे वाक्य असे का रचले असेल? त्यात ‘मी म्हणतो’ नाही, ‘वल्लभभाई तडजोड करतील’ असे नाही, पुरावा नाही आणि नकाराला जागाही नाही. समज आहे की नाही हे कोण कसे खोडून काढणार? २९ जानेवारीला बोस पट्टाभि सीतारामय्यांना सुमारे दोनशे मतांनी हरवून निवडून आले. ३१ जानेवारीच्या आपल्या निवेदनात गांधीजींनी पट्टाभींचा पराभव स्वतःचा मानला, एवढे सर्वांना पाठ असते. त्याच निवेदनात सहकाऱ्यांविषयीचे बोसांचे उल्लेख असमर्थनीय आणि अशोभनीय असल्याचेही त्यांनी म्हटले होते, ते मात्र पाठ्यपुस्तकांतून गळते. फेब्रुवारीत वर्ध्याला कार्यकारिणी भरली तेव्हा बोस आजारी होते, येऊ शकले नाहीत. बारा सदस्यांनी राजीनामे दिले. त्यांत वल्लभभाई, राजेंद्रप्रसाद, आझाद होते, शंकरराव देव होते, आणि यजमान गावचे जमनालाल बजाजही होते.

यापुढची पायरी खरी बोधप्रद आहे. मार्च १९३९ मध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीला अधिवेशन भरले आणि गोविंद वल्लभ पंतांनी तो प्रसिद्ध ठराव मांडला. जुन्या कार्यकारिणीवर विश्वास व्यक्त करून त्यात म्हटले होते की तिच्या सदस्यांवर ‘अ‍ॅस्पर्शन्स’ टाकली गेली याचा खेद वाटतो. टाकली गेली! कोणी टाकली? ठराव सांगत नाही. मंडपातल्या शेवटच्या स्वयंसेवकालाही माहीत होते, अंबारीतल्या माणसाचे नाव हत्तीलाही ठाऊक होते, पण कागदावर नाव नाही. शिंतोड्यांना उत्तर शिंतोड्यांनीच. सात महिन्यांपूर्वी खऱ्यांचे नाव घेऊन त्यांना अपात्र ठरवण्याइतकी स्पष्ट असलेली लेखणी, समोर बोस आले तेव्हा एकाएकी कर्मणी प्रयोगात शिरली. आणि परिणाम? तडजोडीचा आरोप सिद्धही झाला नाही आणि मागेही घेतला गेला नाही. वल्लभभाईंना निर्दोष ठरवणारे कोणी नव्हते, कारण त्यांना दोषी ठरवणारेही कोणी नव्हते. बोसांना ‘मी असे म्हटलेच नाही’ असे म्हणता येत होते, आणि ते अक्षरशः खरेही होते. २९ एप्रिलला त्यांनी राजीनामा दिला. पुढे ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे या प्रकरणावर जी ग्रंथसंपदा निघाली तिच्यात दोन्ही बाजू एकमेकींवर तेच पाणी उडवीत आहेत. खरे प्रकरण मात्र एखाद्या पोटभेदासारखे इतिहासाच्या परिशिष्टात गेले, कारण त्यात काय म्हटले गेले याविषयी संदिग्धता उरली नव्हती.

एकाच गावी, एकाच पक्षाच्या एकाच कार्यकारिणीच्या आवारात, एकदा मूठ आणि एकदा शिंतोडे. पहिल्या वेळी बोस आरोप करणाऱ्या संस्थेच्या शिरोभागी होते, दुसऱ्या वेळी समोरच्या बाजूला. परिणाम एकच म्हणणाऱ्यांनी हे दोन कागद शेजारी ठेवून वाचावेत.

‘सार्वत्रिक समज’ हा काही विसाव्या शतकातील राजकारणाचा शोध नव्हे. संस्कृतात त्याचे नाव ‘लोकापवाद’. विदर्भातल्या पद्मपूरचा भवभूती ‘उत्तररामचरिता’त सीतेवरचा अपवाद रंगभूमीवर आणतो तेव्हा तो कोणा एका माणसाच्या तोंडी देत नाही; दुर्मुख नावाचा हेर तो रामाच्या कानात सांगतो. लोक म्हणतात. हे लोक नाटकात कुठेही समोर येत नाहीत, त्यांची उलटतपासणी होत नाही, आणि त्यांच्यापुढे सीतेला काही बोलण्याची संधीही नसते. भवभूतीने हे किती बारकाईने ओळखले होते! राम सम्राट असूनही अगतिक होतो तो शत्रू प्रबळ आहे म्हणून नव्हे, शत्रूला चेहरा नाही म्हणून. आणि ‘अपवाद’ या शब्दाची गंमत अशी की वेदान्तात तोच शब्द ‘अध्यारोपा’च्या निरासासाठी येतो: दोरीवर साप आरोपित होतो तो अध्यारोप, आणि साप नाहीच हे कळणे तो अपवाद. आपल्या ‘आरोप’ शब्दात हे अजून शिल्लक आहे. आरोप म्हणजे एकावर दुसरे चढवणे. चढवणारा आहे हे शब्दच सांगतो. ‘शंका’ हा शब्द ते सांगत नाही. शंका येते, ढग यावा तशी.

समीक्षेकडे परत येतो, कारण हा लेख शेवटी तिच्याच विरोधात आहे. ‘आक्षेप’ हा शब्द आपण विरोध या अर्थी वापरतो, पण अलंकारशास्त्रात आक्षेप नावाचा एक अलंकार आहे. जे सांगायचे आहे ते सांगणारच नाही असा निषेध करून, त्या निषेधातूनच ते अधिक ठसवायचे, असे त्याचे स्वरूप भामहापासून सांगितले गेले आहे. ‘त्यांच्या पुरस्कारांच्या राजकारणात मला शिरायचे नाही, पण…’ हे वाक्य ज्याने लिहिले त्याने नकळत आक्षेपालंकार साधला. मराठी वाङ्मयीन वादांतली निम्मी वाक्ये या अलंकारात आहेत. अलंकार म्हणून तो सुंदर आहे, नायिकेच्या तोंडी तर फारच. पण समीक्षकाच्या तोंडी तो आला की समजावे, मूठ खिशात आहे आणि पाण्याचा तांब्या हातात. एखाद्या कवितासंग्रहाच्या परीक्षणात ‘या कवितांच्या अस्सलतेविषयी प्रश्न उपस्थित होतात’ असे लिहिणाऱ्याने उसनवारी कोणत्या कवीची, कोणत्या कवितेत, कोणत्या ओळीत, हे सांगावे. नसेल सांगायचे तर प्रश्न उपस्थित होत नाहीत. ते घरीच आहेत.

एक प्रतिवाद मात्र गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. नाव घेऊन हल्ला करणे हे ज्यांच्या हाती पद आहे, छापखाना आहे, वकील आहे त्यांना परवडते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाने विभागप्रमुखाचे नाव घेऊन लिहिले तर पुढल्या सत्रात त्याच्या तासिका राहतील का? कुजबुज हे दुर्बळांचे शस्त्र आहे, आणि ते तुम्ही काढून घेता, असे हा प्रतिवाद म्हणतो. यात तथ्य आहे. जिथे भीती आहे तिथे कुजबुज असणारच, आणि तिची जबाबदारी कुजबुजणाऱ्यापेक्षा भीती घालणाऱ्यावर अधिक. परंतु लोकापवादाचा इतिहास पाहिला तर तो दुर्बळांच्या बाजूने क्वचितच लढलेला दिसतो. तो सीतेवर आला. तो १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर आला, आणि तिच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून एकूण स्त्रीजातीवर आला. त्याला उत्तर दिले ते बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी, १८८२ मध्ये, ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून. त्यांच्यापाशी कोणते पद होते? कोणते विद्यापीठ होते? तरी त्या ‘स्त्रियांविषयी असे मानले जाते’ या वळणाने गेल्या नाहीत. त्यांनी पुरुषांना समोर उभे केले, ‘तुम्ही’ म्हटले, एकेक दुर्गुण स्त्रियांच्या खात्यातून काढून पुरुषांच्या खात्यात मांडला, आणि खाली आपले नाव घातले. विदर्भातून उगारलेली ती पहिली मोठी मराठी मूठ मानायला हरकत नाही.

त्यानंतर एकशे अठ्ठावीस वर्षांनी, २०१० मध्ये, वर्ध्याच्याच हिंदी विश्वविद्यालयाच्या तत्कालीन कुलगुरूंनी ‘नया ज्ञानोदय’ या मासिकाला दिलेल्या मुलाखतीत आत्मकथनपर लिहिणाऱ्या हिंदी लेखिकांविषयी एक हीन शब्द वापरला. गदारोळ झाला, त्यांना जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. चर्चा झाली ती त्या एका शब्दाच्या असभ्यतेची, आणि ती योग्यच होती. पण त्या शब्दाइतकेच घातक त्याचे अनेकवचन होते, हे फारसे कोणी बोलले नाही. एका लेखिकेचे नाव घेतले असते तर तिने उत्तर दिले असते, न्यायालयात खेचले असते. एका पिढीवर शिंपडले की प्रत्येकीला आपला पदर तपासत बसावे लागते. सत्ताधाऱ्याच्या हाती शिंतोडा किती आरामात बसतो याचे याहून जवळचे उदाहरण शोधायला नको.

तेव्हा ‘इम्प्यून’ला मराठीत काय म्हणावे? ‘आव्हान देणे’ चालेल. निकालाला उच्च न्यायालयात आव्हान दिले असे आपण म्हणतोच, आणि त्यात समोरच्याला रणात बोलावणे आहे. पण ते जरा रंगमंचीय आहे. प्रस्तुत लेखकाची पसंती एका अगदी साध्या, साहित्यिकांनी कारकुनी म्हणून दूर ठेवलेल्या शब्दाला आहे: हरकत घेणे. शेतजमिनीचा फेरफार झाला की तलाठी त्याची नोटीस चावडीवर लावतो. कोणाची हरकत असेल तर त्याने ती तोंडी सांगावी किंवा लेखी द्यावी. तलाठ्याला ती तपशिलासह विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत लिहावी लागते आणि तत्काळ पोच द्यावी लागते. मग दोन्ही बाजूंना बोलावणे जाते आणि निकाल होतो. सात-बाऱ्यावर ‘शंका घेतली जाते’ अशी नोंद आजवर कोणत्याही तलाठ्याने केलेली नाही. आणि जो हरकत घेतो त्याच्यासाठी त्या नोंदवहीपाशी एक शब्दही आहे, जो आपल्या समीक्षेच्या सगळ्या परिभाषाकोशांत मिळून सापडायचा नाही: हरकतदार.